९११ ची चाकं बॉक्स्टरला चालतील का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत लुडविग्सबुर्गला असतो. माझ्याकडे २००१ ची पोर्शे बॉक्स्टर एस आहे, म्हणजे कंपनीच्या पिढी-क्रमांकाने ९८६. तिला मूळची १७ इंची चाकं आहेत. शेजारच्या गावातले एक गृहस्थ आपल्या ९११ ची, ९९६ कॅरेराची, १८ इंची चारही चाकं टायरसकट विकताहेत. पाच बोल्ट, तेच अंतर, तेव्हा डोळे झाकून बसतील असं त्यांचं म्हणणं. माझा मित्र म्हणतो, ९११ ची कशाला, बॉक्स्टरच्याच पुढच्या पिढीची, ९८७ ची घे, घरचीच चाकं ती. विक्रेत्याने चाकांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवलेत. पुढच्या चाकांवर ‘७.५ जे × १८ एच२ ईटी ५०’ आणि मागच्यांवर ‘१० जे × १८ एच२ ईटी ६५’ असं वाचता येतं. टायर पुढे २२५/४०, मागे २६५/३५. टायरवर ३५१६ हा आकडा आहे. घेऊ का?
— निखिल, लुडविग्सबुर्ग

उत्तर: निखिल, चाकाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवलात हे फार बरं केलंत. चाकाची खरी ओळख तिथेच असते. मी स्टुटगार्टच्या फॉयरबाख भागातल्या एका टायर वर्कशॉपमध्ये अलाइनमेंटच्या रॅम्पवर काम करते. पोर्शेचा कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर असल्याने तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे बरेच भेटतात. त्यातले बहुतेक चाकाचा फक्त पुढून काढलेला देखणा फोटो दाखवतात, आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही.

विक्रेत्याचं म्हणणं जेवढं आहे तेवढं खरं आहे. दोन्ही गाड्यांना पाच बोल्ट, १३० मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ७१.६ मिमीचं, बोल्ट १४ मिमीचे. फोक्सवागन टुआरेगच्या पहिल्या दोन पिढ्यांची चाकंही याच मापाची होती, पण म्हणून काही ती कोणी बॉक्स्टरला लावत नाही. बोल्ट बसले म्हणजे चाक हबवर, म्हणजे ज्या फिरत्या तबकडीला ते आवळतात तिच्यावर, चढलं, इतकंच. ते मडगार्डच्या कडेपासून आणि आतल्या स्ट्रटपासून (सस्पेन्शनच्या खांबापासून) किती लांब राहील, हे ठरतं रुंदी आणि ऑफसेट या दोन आकड्यांवरून. चाकावर ईटी लिहिलेला आकडा तो हाच ऑफसेट: चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे, ते तो सांगतो.

हिशेब वहीच्या एका पानावर मावतो. रुंदीचे इंच, म्हणजे ‘जे’च्या आधीचा आकडा, २५.४ ने गुणा आणि अर्धे करा. त्यातून ईटी वजा केला की चाक हबपासून बाहेर किती येतं ते मिळतं, ईटी मिळवला की आत किती जातं ते. तुमची सध्याची पुढची चाकं ७ जे ईटी ५५ असणार, मागची ८.५ जे ईटी ५०. चाकांच्या मागे वाचून खात्री करा, कारण इतक्या वर्षांत मधल्या कुणा मालकाने बदललेलीही असू शकतात.

पुढून सुरुवात करू. तुमचं आताचं चाक हबपासून बाहेर ३३.९ मिमी आणि आत १४३.९ मिमी. ९९६ चं पुढचं चाक बाहेर ४५.३, आत १४५.३. म्हणजे आत जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक, बाहेर साडेअकरा मिलिमीटरचा. बॉक्स्टरला कारखान्यातून जी १८ इंची चाकं मिळायची, त्यांचंही पुढचं माप ७.५ जे ईटी ५० हेच होतं. हा योगायोग नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शेची आर्थिक परिस्थिती फार बिकट होती. त्या काळात ही दोन मॉडेलं खर्च वाचवण्यासाठी एकत्र आखली गेली. ९८६ आली १९९६ मध्ये, ९९६ तिच्या पुढच्या वर्षी, आणि दारांपासून पुढचं दोघींचं अंग जवळजवळ एकच आहे. तेव्हा ९११ च्या मालकांना त्याचा फार राग आला होता. मला मात्र त्या निर्णयाबद्दल आदर वाटतो. कंपनी त्यातून जगली, आणि तुमच्या-आमच्यासारख्यांना पंचवीस वर्षांनंतरही सुटे भाग मिळताहेत.

ब्रेकचीही काळजी नको. बॉक्स्टर एसला पुढे ३१८ मिमीच्या आणि मागे २९९ मिमीच्या डिस्क आहेत, त्या ९९६ कॅरेराच्याच मापाच्या. कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा ब्रेकचा चिमटा, चाकाला आतून लागण्याचा प्रश्न १८ इंचात येत नाही. उलट दिशेने मात्र तो येतो: साध्या बॉक्स्टरची १६ इंची चाकं तुमच्या एसच्या कॅलिपरवर चढत नाहीत. हिवाळ्यासाठी स्वस्तात मिळाली म्हणून कुणी ती गळ्यात मारली तर घेऊ नका.

आता मागचं चाक. विचार करण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

१० जे ईटी ६५ म्हणजे बाहेर ६२ मिमी आणि आत १९२. कारखान्याचं १८ इंची बॉक्स्टर चाक मागे ९ जे ईटी ५२ होतं, म्हणजे बाहेर ६२.३ आणि आत १६६.३. बाहेरची कड जवळपास एकाच जागी, तेव्हा मडगार्डची चिंता नाही. सगळी वाढीव रुंदी, जवळजवळ २६ मिलिमीटर, आतल्या बाजूला गेली आहे. तुमच्या आताच्या १७ इंची चाकाशी तुलना केली तर रिम ३४ मिमी आत सरकेल. टायरची आतली भिंत इतकी सरकत नाही, कारण तुमचा २५५ मिमी रुंदीचा टायर ८.५ इंची रिमवर आधीच फुगीर बसलाय आणि २६५ चा टायर १० इंची रिमवर ताणून बसतो. माझ्या हिशेबाने टायर साधारण २५ मिमी आत जाईल.

हे घरी तपासता येतं. गाडी सपाट जागी उभी करा आणि मागच्या टायरची आतली भिंत व स्ट्रट यांच्यामधली सर्वांत अरुंद जागा मोजा. ती तीन सेंटिमीटरपेक्षा चांगली जास्त भरली पाहिजे. दोन्ही बाजू मोजा, कारण जुन्या गाडीत डावी-उजवी सारखी असेलच असं नाही. गाडी आधीच्या मालकाने खाली बसवली असेल किंवा स्ट्रट बदलले असतील, तर इंटरनेटवर कुणी ‘माझ्या गाडीला बसली’ म्हणतो त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. अनेकांनी ही चाकं ९८६ ला लावली आहेत आणि ती घासत नाहीत, हे मीही पाहिलंय. तरी तुमची गाडी तुम्हीच मोजा.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी मुद्दाम बोलते. ऑफसेट बदलला की दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, बदलतो. तुमच्या गाडीत पुढे ईटी ५५ चा ५० होणार, म्हणजे पुढचा ट्रॅक १० मिमीने रुंद. मागे ५० चा ६५ होणार, म्हणजे मागचा ट्रॅक ३० मिमीने अरुंद. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, तुमचं दोन्ही आसांच्या मध्ये, आणि प्रत्येक गाडीचा तोल तिच्या ट्रॅकसकट जुळवलेला असतो. पुढचा पाय फाकवून मागचा आखूड केला की वळणात मागचं अंग आधी सैल होण्याकडे कल जातो. रुंद टायर त्यातला काही भाग भरून काढतो, सगळा नाही. श्वार्त्सवाल्डच्या ओल्या वळणांवर, पानं पडलेल्या रस्त्यावर, मला तो फरक नको असता.

काही जण यावर स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, सुचवतील. ५ मिमीचा स्पेसर लावला तर मागचं चाक ईटी ६० सारखं बसेल आणि बाहेर ६७ मिमीपर्यंत येईल. ते चालण्याजोगं आहे, पण बोल्टही ५ मिमीने लांब हवेत आणि स्पेसर हबच्या कॉलरवर नेमका बसणारा हवा. जुनेच बोल्ट स्पेसरवर कसलेले मी पाहिले आहेत. त्यात मळसूत्राचे जेवढे पीळ कमी होतात तेवढा बोल्टचा आधार गेला. हे कृपा करून कधीच करू नका.

मित्राच्या सल्ल्याकडे येते. नावावरून तो पटतो, पण आकडे विरुद्ध बोलतात. ९८७ एसची १८ इंची चाकं पुढे ८ जे ईटी ५७ आणि मागे ९ जे ईटी ४३. मागचं चाक बाहेर ७१.३ मिमी येतं, म्हणजे ९८६ च्या स्वतःच्या १८ इंची चाकापेक्षा ९ मिमी जास्त, कारण ९८७ चं मागचं अंग त्या हिशेबाने बेतलंय. तुमच्या मडगार्डच्या कडेला ते लागण्याची भीती खरी आहे. टायर तर अजिबात चालणार नाहीत. ९८७ वर मागे २६५/४० आर १८ असतो, त्याचा व्यास ६६९ मिमी. तुमच्या आताच्या २५५/४० आर १७ चा ६३६. पाच टक्क्यांहून जास्त मोठं चाक लावलं की स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकतो, आणि युरोपात नियम स्पष्ट आहे: स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. ९९६ च्या संचातला २६५/३५ आर १८ मात्र ६४३ मिमीचा आहे, एक टक्का फरक, त्यात काही अडचण नाही. तेव्हा बॉक्स्टर ते बॉक्स्टर हे नातं इथे उपयोगी नाही, चुलत घरची ९९६ जास्त जवळची.

९९६ मधलीसुद्धा सगळी चाकं नाहीत. विक्रेत्यांच्या जाहिरातीत ‘टर्बो’ हा शब्द आला की थांबा. ९९६ टर्बोचं अंग मागून रुंद आहे, तिची मागची चाकं ११ जे ईटी ४५, म्हणजे हबपासून बाहेर ९४.७ मिमी. ती तुमच्या गाडीतून तीन सेंटिमीटर बाहेर डोकावतील. तसल्याच नक्षीची चाकं अरुंद अंगाच्या गाड्यांसाठीही निघाली होती आणि पुढून दोन्ही अगदी सारखी दिसतात. मागचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता माझं मत. ही चाकं तुमच्या गाडीला बसतील, पण तुमच्या जागी मी असते तर हा संच घेतला नसता. थोडं थांबून ९८६ चाच मूळ १८ इंची संच शोधला असता, पुढे ७.५ जे ईटी ५० आणि मागे ९ जे ईटी ५२. दिसायला तोच थाट, मागचा ट्रॅक फक्त ४ मिमीने कमी होतो, आणि कागदपत्रांचं काम निम्म्याहून हलकं होतं. असे संच मिळतात, आठवड्यात नाही मिळाले तर महिन्या-दोन महिन्यांत मिळतील.

कागदपत्रांचं सांगते, कारण जर्मनीत तो भाग टाळता येत नाही. गाडीच्या कागदांत किंवा कंपनीच्या मान्यतापत्रात नसलेलं चाक-टायरचं जोड लावलं आणि ते तपासून नोंदवलं नाही, तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच रद्द होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद घालत बसावं लागतं, आणि त्या वादात तुमची बाजू लंगडी असते. तेव्हा चाकं विकत घेण्याआधी टीयूव्ही किंवा डेक्रा या वाहन तपासणी संस्थांच्या तपासनीसाला भेटा. सोबत गाडीचे कागद, चाकांवरचे आकडे आणि पार्ट नंबरचे फोटो न्या. नंबर चाकाच्या मागेच असतो. ‘हे नोंदवून द्याल का, आणि त्यासाठी काय लागेल’ एवढंच विचारा. माझा अनुभव असा की आधी विचारणाऱ्याला ही माणसं मनापासून मदत करतात. चाकं लावून थेट दारात उभं राहिलेल्याला तितकीशी नाही. तपासणीत ते गाडीची तिरकी दोन चाकं उंचावर चढवून, सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं असताना कुठे काही घासतंय का ते बघतात. जे तुम्ही घरी टेपने मोजाल, त्याचीच ही पुढची पायरी.

टायरवरचा ३५१६ म्हणजे ते २०१६ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनले. नक्षी कितीही खोल दिसली तरी त्या रबराचे पैसे देऊ नका. भाव फक्त रिमचा करा. रिम घेताना विक्रेत्याला सांगा, जवळच्या कुठल्याही टायरवाल्याकडे बॅलन्सिंग मशीनवर चारही फिरवून बघू. आतली कड वाकलेली असली तर ती तिथे डोळ्यांना दिसते. चाकं गाडीवर असताना ती लपते, आणि खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्याच कडेला बसतो. वेल्डिंग केलेलं चाक कितीही गुळगुळीत रंगवलेलं असो, मी ते वेगवान गाडीला लावू देत नाही.

बसवताना पोर्शेचे मूळ बोल्टच वापरा. त्यांची बैठक गोलाकार असते. बाजारातल्या बऱ्याच चाकांचे बोल्ट निमुळते असतात, ते या चाकात फक्त एका बारीक रेषेवर टेकतात आणि थोड्या दिवसांत सैल होतात. बोल्ट आधी हाताने फिरवून लावा, मग समोरासमोरचे असे क्रमाने आवळा, शेवटी टॉर्क रेंचने १३० न्यूटन मीटर. ५० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा रेंच लावा.

तुमची १७ इंची चाकं विकू नका. त्यांवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले हिवाळी टायर चढवा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर टायरवर नुसती एम-अधिक-एस (चिखल आणि बर्फ) ही अक्षरं असून पुरत नाही, ते चिन्हच लागतं. १८ इंची संच ईस्टर ते ऑक्टोबर वापरला की तो मिठाच्या पाण्यापासूनही वाचेल.

प्रश्न: माझी लेक अमेरिकेत सिअ‍ॅटलला असते. तिच्याकडे माझदा मियाटा आहे, २०१९ ची. तिला आधीच्या पिढीच्या मियाटाची पाच बोल्टची चाकं कुणी भेट म्हणून देतोय. तिच्या गाडीला चार बोल्ट आहेत. अ‍ॅडॅप्टर लावून बसवता येतील, असं देणारा सांगतो. तिला काय सांगू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: काका, नको म्हणून सांगा. आधीची पिढी, म्हणजे एनसी, ५ बोल्ट आणि ११४.३ मिमी वर्तुळाची. लेकीची एनडी ४ बोल्ट आणि १०० मिमीची. मधलं भोकही वेगळं, ६७.१ आणि ५४.१. असा अ‍ॅडॅप्टर निदान दोन सेंटिमीटर जाड लागतो, आणि तेवढं चाक बाहेर येतं. मियाटासारख्या हलक्या, नेमक्या गाडीचं स्टिअरिंग त्याने जड आणि बावरल्यासारखं होतं. ज्या गुणासाठी ही गाडी घ्यायची तोच गुण जातो.

वेगळी चाकं हवीच असतील तर तिला फियाट १२४ स्पायडरची बघायला सांगा, २०१६ नंतरची. ती गाडी हिरोशिमाला माझदाच्याच कारखान्यात, एनडीच्याच सांगाड्यावर बनायची. तिचं १७ इंची चाक ७ जे ईटी ४५, चार बोल्ट, १०० मिमी, टायर २०५/४५, म्हणजे लेकीच्या गाडीच्या १७ इंची चाकाचंच माप. नाव इटालियन आहे, माप माझदाचं. अ‍ॅडॅप्टर, स्पेसर काही लागत नाही. फक्त आधी तिच्या गाडीला ब्रेम्बोचे मोठे ब्रेक आहेत का आणि आताची चाकं १६ इंची की १७, ते बघून घ्या.

प्रश्न: माझी पोलो जीटी आहे. ऑक्टेव्हिया व्हीआरएसची चाकं स्वस्तात मिळताहेत. भोकांत किंचित फरक आहे, पण इथला एक फिटर म्हणतो, हलत्या कॉलरचे बोल्ट वापरून बसवून देतो.
— अमोल, कोल्हापूर

उत्तर: फरक किंचित नाही. पोलोच्या बोल्टांचं वर्तुळ १०० मिमीचं, ऑक्टेव्हियाचं ११२. प्रत्येक बोल्ट ६ मिमी बाजूला सरकावा लागेल. हलत्या कॉलरचे बोल्ट एक-दीड मिलिमीटरच्या फरकासाठी असतात, सहाच्या नाही. त्या फिटरकडून हे काम अजिबात करून घेऊ नका. भोकं बुजवून नवी पाडून देणारेही भेटतील, तेही नको. व्हेंटो किंवा रॅपिडची चाकं १०० मिमीचीच असतात, मधलं ५७.१ चं भोकही जुळतं. रुंदी आणि ईटी तुमच्या गाडीच्या चाकाशी ताडून घ्या.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ विनिर्देशात बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तेव्हा कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या मापांतच राहा. ती मापं चालकाच्या दारापाशी किंवा इंधनाच्या झाकणाआत चिकटवलेल्या पट्टीवर असतात. पट्टी गेली असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा.